गुळाचं पाणी

रत्ना,

सबनीस साहेब थरथर कापत होते. सगळ्यात आधी हे सांगते, बाकीचं मागून. दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांसमोर आणि आपल्या शेठसमोर ते काचेच्या टाकीवर हात ठेवून उभे होते, आणि त्यांच्या बोटातली अंगठी काचेवर टकटक वाजत होती. मी दोन पावलांवर होते. मी तो आवाज पोटभर ऐकला.

तू जाऊन तेव्हा चार दिवस झाले होते.

गेलेल्या माणसाला उद्देशून लिहायचं तर मन शांत करून लिहावं म्हणतात. माझं मन शांत नाही, आणि ते तसं व्हावं अशी इच्छाही नाही. तुझ्या माय खाली माझ्याकडेच आहेत. वरच्या मजल्यावरच्या तुझ्या घरात त्यांना बसवत नाही. आत्ता त्या आतल्या खोलीत पडल्यात. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तुला लिहितेय. तू उत्तर देणार नाहीस हे कळतं. पण तू गेलीस ते माझ्याशी अबोला धरून, त्यामुळे उत्तर न मिळण्याची सवय मला त्याआधीच लागली होती.

तू पहिल्यांदा दिसलीस तो दिवस आठवतोय. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. पनवेलहून तळोज्याला जाणाऱ्या एसटीत तू माझ्या शेजारी बसलीस आणि दर थांब्याला विचारत राहिलीस, "नावडे फाटा आला का?" तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा मी म्हटलं, "मी पण तिथेच उतरणारे, काळजी करू नका." तू हसलीस. मग दोघी एकाच गेटमधून आत गेलो तेव्हा परत हसलीस. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेली, एम.एस्सी. झालेली, हातात पत्र्याची पेटी. मी गिरगावात वाढलेली, साधी बी.एस्सी., सहा महिन्यांपासून टेम्पररी. अख्ख्या कंपनीत आपण दोघीच बायका, आणि तिसरी नावड्याची ताराबाई, जी काचेची भांडी धुवायची आणि आपल्या दोघींना सारखीच ओरडायची.

कंपनी मळीपासून स्पिरिट काढायची. तेलाचे भाव जगभर चढले होते, म्हणून शेठच्या डोक्यात आलं की मळी कशाला, पेंढ्यातून नि चिपाडातूनच साखर काढावी आणि तिचं स्पिरिट करावं. कचराच तो, हवा तेवढा मिळतो. सबनीस साहेब प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांनी आपल्याला फळ्यासमोर बसवून समजावलं होतं. पेंढ्यात साखरच असते, पण साखरेचे कण एकमेकांना घट्ट जखडलेले, आणि वरून लाकडासारखं चिवट लिंपण. यीस्टला ती खाता येत नाही. आधी लिंपण सोडवायचं, मग साखर सुटी करायची, मग यीस्ट घालून आंबवायचं. साहेबांचा मार्ग सरळ होता. सल्फ्युरिक ॲसिड, वाफ, दाब. बंद लोखंडी भांड्यात पेंढा शिजवायचा, दोन तासांत काम फत्ते.

तू हात वर केलास. "सर, साखर जळणार नाही का त्यात?"

"दोन तासांत काय जळतंय?" साहेब म्हणाले.

जळत होती. आपण दोघींनी पहिला घाणा काढला तेव्हा कॉफीसारखा काळपट रस आला, करपल्याचा वास मारणारा. यीस्ट घातलं की मरायचं. पाणी घालून पातळ केला, ॲसिडचा जोर मारून पाहिला, तरी मरायचं. आणि उरलेलं पाणी मागच्या नाल्यात सोडलं की नाल्याकाठचं गवत आठवड्यात पिवळं पडायचं. ताराबाई खिडकीतून बघून म्हणायची, "बाय, त्या पान्यावं माझी म्हस जाते गो."

चुन्याचं तुझ्या डोक्यात आलं ते ताराबाईमुळे. तिच्या गावाकडे खाडीतले शिंपले भाजून चुना करायचे. एक दिवस तिने भांडी घासायला बाजारातला चुना घेतला आणि फेकून दिला. "ह्यो चुना नाय, ही रांगोली हाय. शिंपल्यांचा आनते मी." तिने आणलेल्या चुन्याची तू निवळी केलीस, म्हणजे पाण्यात कालवून वरचं स्वच्छ पाणी घेतलंस, आणि त्यात मूठभर पेंढा भिजत घालून विसरलीस. खरंच विसरलीस. गावाला जाऊन तीन आठवड्यांनी आलीस तर पेंढा मऊ पडलेला, बोटांनी पिळला की सुटत होता. आग नाही, दाब नाही, ॲसिड नाही. तो धुऊन त्यावर साखर सुटी करायला तू ट्रेमध्ये वाढवलेल्या हिरव्या बुरशीचा अर्क घातलास आणि दोन दिवसांनी मला म्हणालीस, "चाख."

मी चाखलं. गोड होतं. फिकट, पण गोड.

यीस्ट त्यात फसफसून वर आलं. त्यातून निघणारा वायू तू नळीने चुन्याच्या वापरलेल्या पाण्यात सोडलास, आणि पाणी दुधासारखं होऊन त्यातला चुना खडूसारखा तळाला बसला. "बघ," तू म्हणालीस, "आंबवणीचाच वायू चुना परत देतोय. नाल्यात काही जाणारच नाही." तुझे डोळे असे चमकत होते की मला हेवा वाटला. हे मी तुला कधी सांगितलं नाही. हुशारीचा नाही. तुला ज्या गोष्टीचा आनंद होत होता, तिचा.

आपलं भांडण त्याच दिवशी सुरू झालं. मी म्हटलं, कारखाना तीन आठवडे पेंढा भिजत ठेवत नाही. तू म्हणालीस, हळू आणि फेल यात फरक आहे. डबा खाताना, एसटीत, तुझ्या गच्चीत वाळत घातलेल्या कुरड्या राखताना आपण तेच भांडायचो. प्रयोगशाळेत तू पुस्तकी मराठी बोलायचीस, पण भांडण रंगात आलं की गावाकडची व्हायचीस. "सुने, पेंढ्याला काय लोकल पकडायचीय व्हय?" मला सुनीता म्हणणारे सगळे, सुने म्हणणारी तू एकटी. तुझ्या भाकरीबरोबरची तिळाची चटणी मी रोज अर्धी संपवायचे आणि तू रोज जास्त आणायचीस. टायट्रेशन मला कॉलेजात शिकवलं होतं, पण यायला लागलं तुझ्यामुळे. हे सगळं मी विसरलेले नाही. हे विसरले असते तर पुढचं सोपं गेलं असतं.

अशी चार वर्षं गेली, मी अजून टेम्पररीच होते, तेव्हा तुझे वडील वारले आणि तू आठ दिवसांसाठी गावाला गेलीस. नेमकं त्याच आठवड्यात शेठनी पाहुणे बोलावले. ॲसिडची टाकी चालते हे दाखवायचं होतं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं नाही, आवाजही कमी केला नाही. फार साध्या सुरात म्हणाले, "सुनीता, टाकीत थोडा रस घाल, वासापुरता. बाकी गुळाचं पाणी. रंग तोच आहे, कुणाला कळत नाही. रसायनशास्त्र बरोबरच आहे आपलं, फक्त वेळ कमी पडतोय. पुढच्या वेळी खरं करू." मग जरा थांबून म्हणाले, "तुझं पर्मनंटचं पत्र टायपिंगला दिलंय."

मी ताराबाईला गूळ आणायला पनवेलला पाठवलं.

"गूल कशाला गो लागतं तुमाला?" तिने विचारलं. मी म्हटलं, यीस्टला.

टाकी फसफसली. साहेबांनी पांढरं कापड असं झटक्यात ओढलं, जादूगारासारखं. वायूची नळी चुन्याच्या निवळीत सोडलेली, ती निवळी सगळ्यांसमोर दुधाळ झाली. ती नळी आणि ती निवळी तुझी होती, रत्ना, तुझ्या प्रयोगातून उचललेली, आणि साहेबांनी ती आपली म्हणून दाखवली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तू परत आलीस तेव्हा रिपोर्ट तयार होता. ॲसिड पद्धत यशस्वी, चुना पद्धत अव्यवहार्य. सहीसाठी तुझ्यासमोर ठेवला. तू म्हणालीस, चुना अव्यवहार्य नाही, मी सही करणार नाही. माझी सही त्यावर आधीच होती. तू ती पाहिलीस, मग माझ्याकडे पाहिलंस. आठवड्याभरात तुझी नेमणूक ॲसिडच्या शेडमध्ये झाली. "ज्या पद्धतीबद्दल शंका आहे ती जवळून बघा," साहेब म्हणाले. तुझी चुन्याची पिंपं मागच्या भिंतीपाशी उलटी केली.

चार वर्षं तू त्या पत्र्याच्या शेडमध्ये काढलीस. भांडं उघडलं की आंबट, बोचरी वाफ यायची, पत्रे गंजून गळायचे. तू नाकाला ओढणी बांधायचीस. आणि शेडमधली तुझी सगळ्यात मोठी तक्रार वाफेबद्दल नव्हती. जेवणाच्या सुट्टीत तू रसाची बाटली घेऊन माझ्याकडे यायचीस, यीस्ट घालायचीस, दुसऱ्या दिवशी बघायचीस. मेलेलं. पुन्हा. पुन्हा. "माझ्याच्यानं का मरतंय गं? त्या दिवशी तर जगलं व्हतं. तूच व्हतीस ना तिथं? काय केलं व्हतं त्यांनी?"

"हाताचा गुण असेल," मी म्हणाले होते.

साहेबांचंच वाक्य. त्यांनी ते तुला हसत सांगितलं होतं, मी ते पुन्हा सांगितलं. आणि तू, यीस्ट नावाची गोष्ट माझ्यापेक्षा शंभर पटीने समजणारी, स्वतःच्या हातांकडे बघायचीस. कधी नखं जास्त घासून यायचीस. कधी भांडी दोनदा उकळून घ्यायचीस. मी समोर बसून डबा खायचे.

चौथ्या पावसाळ्यात तुझा खोकला थांबेना. जिने चढताना दर मजल्याला बसायला लागलीस. डॉक्टर म्हणाले छाती खराब झालीय, काम कुठे करता? तू सांगितलंस. त्यांनी मान हलवली. तू रजेचा अर्ज दिलास, साहेबांनी तो परत पाठवला, त्यावर लाल शाईत लिहून, 'प्रात्यक्षिकानंतर'. कारण आता दिल्लीहून मोठे पाहुणे येणार होते, मोठ्या कारखान्याच्या मंजुरीसाठी. तू आणखी तीन आठवडे गेलीस शेडमध्ये. मग एका सकाळी नावडे फाट्यावर एसटीतून उतरताना खाली बसलीस ती उठलीच नाहीस, आणि ताराबाईने नि मी तुला रिक्षाने पनवेलला आणलं.

दवाखान्यातल्या त्या दुपारबद्दल मला लिहायलाच हवं. माय गरम पाणी आणायला खाली गेल्या होत्या. तुझ्या नाकात नळी होती. तू म्हणालीस, "बरी झाले की एकदा शेवटचं बगते. यीस्ट बदलून." आणि मला सहन झालं नाही. मी सांगून टाकलं. गूळ, ताराबाई, पत्र, सगळं.

तू नाकातली नळी सरळ केलीस. मग विचारलंस, "रस किती व्हता त्यात?"

"नावाला. बाकी सगळं गुळाचं पाणी."

"चार वर्षं," तू म्हणालीस. "चार वर्षं मी माझ्या हाताला शिव्या दिल्या, सुने."

मी रडायला लागले.

"रडायचं आसंल तर भाईर जाऊन रड. इथं नगं." दम लागला म्हणून थांबलीस. मग, "पाव्हणे कवा यायलेत?"

"पुढच्या शुक्रवारी."

"मंग या बारीला गूळ घालू नगंस."

मी मान हलवली. तुझा हात धरायला गेले तर तू तो चादरीखाली घेतलास. "आता जा. अन् मला भेटाया येऊ नगंस."

मी दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशीही आले. दारात उभी राहिले, तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. माय मला म्हणाल्या, "औषधाची गुंगी हाय, बाळा." मी हो म्हटलं. सोमवारी सकाळी तू गेलीस. मी तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात होते, वर यावं की नको ते ठरवत.

मंगळवारी प्रयोगशाळेत दोन मिनिटं स्तब्धता पाळली. साहेब बोलले, "रत्नमाला मेहनती होती. प्रकृतीने नाजूक होती बिचारी." नाजूक! ॲसिडचे कॅन एकटीने हलवणारी तू. मला तेव्हाच काहीतरी उचलून फेकावंसं वाटलं. साहेब मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. दोन मिनिटं व्हायच्या आतच त्यांनी घसा साफ केला. सगळे पांगल्यावर मला म्हणाले, "शुक्रवारचं लक्षात आहे ना? मागच्यासारखं."

"हो, साहेब," मी म्हटलं. इतक्या गोड आवाजात मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

गुरुवारी सकाळी ताराबाईने विचारलं, "गूल आनू?"

"नको."

ती हातातला ब्रश ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "मंग टाकीन काय भरशील?"

"रिपोर्टात लिहिलंय तेच."

तिने जाऊन प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं आणि पदर खोचला. "चल. मी धरते बादली."

शेडमधून आम्ही शुद्ध रस आणला. तुझ्या हातच्या शेवटच्या घाण्याचा, तोच कॉफीसारखा. टाकी काठोकाठ भरली, ताजं यीस्ट घातलं, नळी लावली, स्वच्छ निवळीत सोडली. काही कमी केलं नाही, काही जास्त घातलं नाही. मग साहेबांच्या आवडीचं पांढरं कापड वरून घातलं, इस्त्री करून. ते दिवसभर पाहुण्यांच्या गाड्या, जेवण, हार यांत होते. एकदा दारात येऊन कापडाकडे बघून गेले. "सगळं ठीक?" "ठीक, साहेब."

शुक्रवारी त्यांनी कापड ओढलं.

रत्ना, टाकी डबक्यासारखी निपचित होती. एक बुडबुडा नाही. निवळी नळाच्या पाण्यासारखी स्वच्छ. साहेब हसत सुरू केलेलं वाक्य पुरं करू शकले नाहीत. शेठ पुढे वाकले. पाहुण्यांमधले एक म्हातारे अधिकारी होते, कानाला यंत्र लावलेले. ते टाकीजवळ आले, वास घेतला आणि नाक आक्रसलं. साहेबांनी टाकीवर हात टेकला. अंगठी वाजायला लागली ती तेव्हा.

माझ्याकडे झुकून ते पुटपुटले, "घातलं नाहीस?"

मी खोलीभर ऐकू जाईल असं विचारलं, "काय घालायचं होतं, साहेब?"

त्या म्हाताऱ्या अधिकाऱ्यांनी कानाचं यंत्र दाबलं. "हां, बताइए ना. क्या डालना था?"

"ते... थोडं पोषण... सुरुवातीला..."

"कसलं पोषण?" शेठनी विचारलं.

मी वाट पाहिली. त्यांनी स्वतः तो शब्द उच्चारावा असं मला फार वाटत होतं. त्यांच्या कपाळावर घाम आला, तो कानामागून कॉलरमध्ये गेला, तरी मी वाट पाहत होते. मला दया आली नाही. तुझे घासून लाल झालेले हात माझ्या डोळ्यांपुढे होते. मग मीच म्हटलं, "गूळ. मागच्या वेळी या टाकीत गुळाचं पाणी होतं. साहेबांनी सांगितलं आणि मी भरलं. आज आहे तो खरा रस आहे. यात यीस्ट जगत नाही, आणि हे रत्नमालाने पहिल्या महिन्यात सांगितलं होतं."

दारातून ताराबाईचा आवाज आला, "गूल मीच आनला व्हता. पनवेलशी."

पाहुणे जेवायला थांबले नाहीत. जाताना त्या म्हाताऱ्या अधिकाऱ्यांनी विचारलं, रिपोर्टात चुन्याची पद्धत अव्यवहार्य म्हणून दोन ओळींत उडवली आहे, ते काम कोणाचं? मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, त्यांना भेटता येईल का? मी म्हटलं, सोमवारी वारली. त्यांनी वही मिटली. दिल्लीत जाऊन ते काही करतील की नाही, ठाऊक नाही. मला त्या वेळी त्याची पर्वाही नव्हती. माझं लक्ष साहेबांकडे होतं. ते खुर्चीत बसले होते आणि कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं.

मला संध्याकाळीच सस्पेन्शनचं पत्र मिळालं. चौकशी लागली, त्यांची आणि माझी, दोघांची.

रविवारी तुझं पुण्यानुमोदन झालं. तुझा भाऊ गावाहून आला होता, सोसायटीतले सगळे आले होते. भन्तेजींनी वंदना घेतली. मला चार शब्द बोलायला सांगितलं, मी नको म्हटलं. त्या चार शब्दांत जे बसलं असतं ते खोटं झालं असतं. भाऊ पेरणीसाठी परत गेला, मायना न्यायला महिन्याने येणार आहे.

मंगळवारी संध्याकाळी, उजेड असतानाच, साहेब माझ्या घरी आले. तीन जिने चढून धापा टाकत होते. आमचे हे अजून ऑफिसातून आले नव्हते. माय भिंतीला टेकून सुपात तांदूळ निवडत होत्या. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. माझी सासू किंवा कामाची बाई समजले असतील. आठ वर्षं तू त्यांच्या हाताखाली होतीस, पण तुझी आई त्यांनी कधी पाहिली नव्हती. दवाखान्यात आले नाहीत, स्मशानात आले नाहीत, पुण्यानुमोदनाला आले नाहीत.

"सुनीता, झालं ते झालं," त्यांनी सुरुवात केली. "तू भावनेच्या भरात बोललीस, मी समजू शकतो. पण आता दोघांच्याही गळ्याशी आलंय. एक मार्ग आहे. टाकीचा माल शेडमधून यायचा. शेड कोणाच्या ताब्यात होती?"

मी मायकडे पाहिलं.

"ती आता नाही. तिचं काय बिघडणार आहे? तिला ना नोकरी, ना चौकशी. तू-मी वाचू."

"म्हणजे मी नेमकं काय सांगायचं, साहेब? नीट सांगा. चौकशीत चूक नको व्हायला."

ते खुर्चीत पुढे सरकले. आशा वाटली असावी. एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "सांगायचं, की गूळ रत्नमालाने मिसळला. आपल्याला ठाऊक नव्हतं."

मग मी म्हटलं, "साहेब, ओळख करून द्यायची राहिली. या रत्नमालाच्या आई."

मायनी सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या. साहेबांच्या खांद्याइतकीही उंची नाही मायची, तरी ते खुर्चीत मागे सरकले.

"तुमचे पाव्हणे आले व्हते तवा माझी लेक बापाच्या मातीला आली व्हती," माय म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "आठ दिस माझ्यापाशी व्हती. आख्खा गाव साक्षीला हाय. कुठं यिऊन सांगू ते बोला. मी येते."

साहेब उठले, चपला पायात नीट गेल्या नाहीत, तशाच ओढत जिना उतरले. खालच्या मजल्यावर एकदा अडखळल्याचा आवाज आला. माय खिडकीशी जाऊन ते गेटबाहेर जाईपर्यंत बघत उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, "हा मानूस व्हता व्हय."

नंतर त्यांनी मला विचारलं, "अन् गूळ खरा कुणी घातला व्हता?"

मी सांगितलं. त्यांनाही सांगितलं. मग खाली बसून त्यांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळी जेवल्या. माझ्याशी लागेल तेवढंच बोलतात. वर राहायला जा म्हटलं तर जात नाहीत, आणि इथे राहून माझ्याकडे बघत नाहीत. मी त्याबद्दल तक्रार करत नाही.

काल चौकशी झाली. माय आल्या होत्या. नऊवारी, डोक्यावर पदर, बाहेरच्या बाकावर साहेबांच्या अगदी समोर बसल्या. त्यांनी आपलं म्हणणं सांगितलं आणि अंगठा दिला. मी माझं लेखी दिलं, कुणी काय केलं ते, आणि त्यात पहिलं नाव माझं घातलं. नोकरी जाईल. जाऊ दे. साहेबांना सक्तीच्या रजेवर पाठवलंय, आणि परत येणार नाहीत असं शेडवाले म्हणतात. त्यांनी मला बाहेर गाठून हात जोडले. म्हणाले, "माझ्या वयाचा तरी विचार कर." मी म्हटलं, "तुमचं वय काय, साहेब?" ते म्हणाले, "सत्तावन्न." मी म्हटलं, "रत्नमाला चौतीस."

याने मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? लोक म्हणतात सूड घेऊन काही मिळत नाही. मला मिळालं. आठवडाभर झोप लागतेय. फक्त सकाळी जाग आल्यावर पहिलं काय आठवतं तर तू भिंतीकडे फिरवलेलं तोंड, आणि त्याच्यावर साहेबांचा घाम, त्यांचे जोडलेले हात, त्यांची ओढत नेलेली चप्पल, काहीच लागू पडत नाही.

तू मला माफ केलं नाहीस. बरं केलंस. केलं असतंस तर मी ते घेऊन गप्प बसले असते, शुक्रवारी पुन्हा हो-हो म्हटलं असतं, आणि कदाचित गूळही घातला असता. तुझ्या रागानेच मला उभं केलं. तो आहे तसाच राहू दे.

साहेबांना मी सोडलं नाही, रत्ना. तू मला सोडू नकोस.

— सुनी